मी न लिहिलेली शिफारस

अंधेरीच्या ब्लॉगच्या क्लासवाल्या सरांनी मला फसवलं, आणि माझा फोटो लावून मुलुंडच्या एका बाईला फसवलं. पहिलं मी एक वेळ गिळलं असतं. धंद्यात सव्वीस वर्षं काढली आहेत. लोकांनी मला गंडवलंय, मीही कुणाला मीटरभर कापड जास्त खपवलं असेल. दुसरं घशाखाली उतरत नाही.

घाटकोपरला माझं पडद्यांचं दुकान आहे. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात एक शिवणयंत्र होतं आणि खाणारी पाच तोंडं. मी त्या यंत्रावर बसले. पुढे दुकान घेतलं तेही कुणाच्या उपकाराने नाही, जागेच्या मालकाशी चार महिने घासाघीस करून. शेवटी तो म्हणाला, "बाई, घ्या, पण आता पुन्हा येऊ नका." आमच्या बिल्डिंगमधल्या बायका सोफा घ्यायच्या आधी, टाइल्स घ्यायच्या आधी मला दुकानातूनच फोन लावतात.

"ताई, एवढा भाव सांगतोय. घेऊ?"

"नको. उठ आणि चालायला लाग. मागे वळून बघू नकोस."

पाच मिनिटांनी परत फोन. "ताई, हाक मारली गं त्याने!"

माझी मुलगी ऑफिसात नोकरीला आहे. एका रविवारी ती म्हणाली, "आई, हे सगळं तू फुकट सांगतेस. लिही ना. ब्लॉग काढ. लोक वाचतील, त्यावर जाहिराती लागतील, पैसे येतील."

"पैसे कोण देणार? वाचणारा?"

"नाही गं. जाहिरातवाले."

मला ते पटलं. सल्ला विचारणाऱ्या बाईकडून पैसे घ्यायला मला कधी जमलं नसतं. जाहिरातवाल्यांकडून घ्यायला मात्र काहीच हरकत नव्हती.

मग क्लास शोधला. अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीत, खाली प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना आणि वर हा क्लास. एसी एवढा की माणसाने ज्ञान घ्यावं की शाल शोधावी. माझ्याबरोबर शेअर बाजारावर लिहू पाहणारे एक निवृत्त बँकवाले काका होते, रेसिप्या लिहिणाऱ्या दोन नव्या सुना होत्या, आणि प्रवासवर्णनं लिहिणारा एक गृहस्थ होता जो लोणावळ्याच्या पलीकडे गेलेला नव्हता. सर काळ्या टी-शर्टात. वय पस्तिशीच्या आसपास. पहिलंच वाक्य: "झोपेत पैसे कमवायला शिका. तुम्ही झोपलेले असाल आणि खात्यात पैसे पडत असतील!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. दुकानात दुपारी मी आयुष्यात एकदाच झोपले होते. तेव्हा गल्ल्यात पैसे आले नाहीत, गेले.

तीन महिन्यांत त्याने काय शिकवलं? लोक जे विचारतात त्यावर लिहा, नेमाने लिहा, स्वतःचा फोटो लावा म्हणजे विश्वास बसतो, आणि सहा-आठ महिने धीर धरा. एवढं ज्ञान भेळेच्या कागदावर मावलं असतं, आणि वर भेळ मिळाली असती. पण ते शिकवताना तो इंग्रजी शब्दांची अशी काही फोडणी द्यायचा की बँकवाले काका वहीत लिहूनच घ्यायचे. "समजलं का काका?" असं मी विचारलं की म्हणायचे, "घरी जाऊन समजून घेईन."

फी सांगितली अठरा हजार. मी म्हटलं, पाच.

"मावशी, पाच हजारात एसीचं बिल निघत नाही."

"मग बंद कर तो. मला थंडी वाजते."

सगळे हसले, तोही हसला. सातावर तुटलं. आता भाव तुटला की मी तिथेच थांबत नाही, वर काहीतरी घेते. भाजी घेतली की मूठभर कोथिंबीर, पडद्याचा तागा घेतला की दोऱ्याची रिळं. ही मला सवय आहे आणि तिचा अभिमानही होता. मी म्हटलं, "ब्लॉगचं नाव विकत घ्यावं लागतं म्हणालास ना? ते तू घ्यायचं. जाहिरातींचं खातंही तूच उघडायचं. सातात सगळं."

मला वाटलं होतं की कुरकुर करेल. तो चटकन हो म्हणाला. माझ्या बोलण्यावरून मी कुठली ते त्याने कधीच ओळखलं होतं, जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशे, तुमका म्हणान करतंय. भायर कोणाक सांगू नकात." झालं. आपल्या बाजूचा माणूस, आपल्या भाषेत बोलला, आणि वर फुकटही दिलं. मी पुऱ्या वाटेत खूश. जो दुकानदार कुरकुर न करता वरचं देतो त्याचा खालचा माल उलटून बघायचा, हे मी शंभर बायकांना सांगितलंय. पण इथे अंगठ्याने दाबून बघायला टोमॅटो नव्हता. ब्लॉगचं नाव म्हणजे दुकानाची पाटी आणि शटरची किल्ली दोन्ही, आणि ते ज्याच्या नावावर त्याचं दुकान, हे मला फार उशिरा कळलं. मी ती किल्ली मागून मागून त्याच्या हातात दिली होती.

लिहायला मला आवडलं, हे कबूल करते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोनमध्ये बोलून सरांना पाठवायचे, तो ते टाइप करायचा, मुलगी शुद्धलेखन बघायची. पडद्याचं कापड मुठीत चुरगळून का बघायचं, 'फिटिंग फ्री' म्हणतात ते फुकट का नसतं, सुताराचं माप आणि आपलं माप वेगळं आलं तर काय म्हणायचं. ग्रॅनाईटच्या ओट्यावर तर मी मोठाच लेख लिहिला. दगड नुसता बघून घेऊ नका, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि वाळू द्या. जिथे तडा असेल तिथे दगड उशिरा सुकतो, ओली रेघ उमटून राहते. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश केलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतो.

त्या लेखाने ब्लॉग चालायला लागला. सुरुवातीला वाचणाऱ्या सगळ्या आमच्याच बिल्डिंगमधल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या न वाचता 'छान' म्हणायच्या. मग बोरिवलीहून, मुलुंडहून अनोळखी बायका प्रश्न विचारायला लागल्या. मी एकेकीला उत्तर द्यायचे. आठव्या महिन्यात सरांनी फोनवर पैसे पाठवले, नऊशे आणि काहीतरी. खाली लिहिलं होतं, 'मावशी, तुमचा वाटा.' माझ्या ब्लॉगात माझा वाटा! तेव्हाच कान टवकारायला हवे होते. मी पेढे आणले. नऊशेहून जास्तीचे. एवढी हुशार मी.

त्यानंतर दोन महिने लग्नसराईचं काम होतं, मी ब्लॉगकडे बघितलं नाही. एका दुपारी दुकानात एक बाई आली. साठीच्या पुढची, सुती साडी, हातात फोन. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"तुम्हीच ना?"

फोनवर माझा फोटो होता. मला आनंद झाला. म्हटलं, बसा, चहा घेणार?

"चहा नको. मी मुलुंडला राहते. कांजूरमार्गच्या त्या दुकानातून ओटा बसवला. तुम्ही लिहिलं होतंत म्हणून."

"मी कुठलं दुकान लिहिलंय? मी दुकानांची नावं लिहीतच नाही."

तिने फोन माझ्या हातात दिला. माझा फोटो, त्याखाली माझ्यासारखीच भाषा: 'मैत्रिणींनो, मी स्वतः जाऊन एकेक दगड पाण्याने तपासला आहे. डोळे मिटून घ्या.' मी त्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही. डोळे मिटून तर मी मीठसुद्धा घेत नाही.

तिच्या ओट्याला बसवल्यापासून महिनाभरात गॅसच्या शेजारी तडा गेला होता. दुकानदार म्हणाला, तुम्ही जड भांडं आपटलं असेल. नवऱ्याच्या मागे तिने साठवलेल्या पैशांतून एवढं एकच काम घरात काढलं होतं.

मी चिडले, आणि मला लाज वाटते, पण आधी तिच्यावरच चिडले. "अहो, पण पाणी ओतून बघायचं ना! तेवढं तर मी लिहिलं होतं!"

ती शांतपणे म्हणाली, "ते वाचलं होतं. पाठ होतं मला. पण पुढे तुम्हीच लिहिलंत की मी तपासलंय. मग तुमच्या शब्दावर पाणी कशाला ओतू?"

मी तिचा पत्ता लिहून घेतला. 

मुलीने संध्याकाळी ते पान काढायचा प्रयत्न केला. पासवर्ड चालेना. सरांचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून मी अंधेरीला गेले. नवी बॅच बसली होती. आणि भिंतीवर, एवढा मोठा, माझा फोटो: 'पडदेवाल्या मावशींची यशोगाथा.' खाली लिहिलेली माझी कमाई वाचून मलाच माझा हेवा वाटला.

"या मावशी!" तो म्हणाला. "बघा, ह्याच आपल्या स्टार!"

"ओट्याचं पान कोणी लिहिलं रे?"

त्याचा चेहरा जरासा उतरला. मला बाजूला घ्यायला लागला. मी म्हटलं, इथेच बोल.

"मावशी, ते स्पॉन्सर्ड आहे. दुकानवाले पैसे देतात, आपण चांगलं लिहितो. सगळे असंच करतात. खरी कमाई त्यातच असते."

"आपण? मी कधी लिहिलं?"

"तुमच्या वतीने लिहिलं. ब्लॉग तसा माझ्याच नावावर आहे ना. तुम्हीच म्हणालात, तू घे."

"माझा फोटो पण तुझ्या नावावर आहे?"

समोरच्या खुर्चीतली एक मुलगी हळूच वही मिटायला लागली. ते त्याने बघितलं आणि घाईने म्हणाला, "बरं, चिडू नका. त्या पानाचे दोन हजार तुम्हाला देतो."

मी गप्प बसले. रागाने मला शब्द सुचत नव्हता.

"तीन."

मी त्याच्याकडे नुसती बघत होते.

"मावशी, पाच. आता याच्यावर ताणू नका. आणि पुढच्या प्रत्येक पानाला निम्मं-निम्मं."

तेव्हा मला कळलं की हा गधडा समजतोय मी भाव करतेय. सव्वीस वर्षांत मी गप्प राहून भाव वाढवून घेतलाय, हे मी त्यालाच एका लेखात सांगितलं होतं, त्यानेच टाइप केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की समोरचा रक्कम वाढवत होता आणि माझ्याकडे विकायला काही नव्हतं. मी भिंतीवरून फोटो ओढून काढला. अर्धा आला, अर्धा भिंतीलाच राहिला. "ते पान आज काढ," म्हटलं आणि निघाले. मागून तो म्हणाला, "विचार करा, मावशी! फोन करा!"

त्याने पान काढलं नाही. दिंडोशी कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नाव त्याचं आहे, फोटोपुरतं भांडता येईल, वेळ लागेल. मी म्हटलं, भांडू या. नोटीस गेली आहे. तोवर ते पान तिथे आहे. काल बोरिवलीच्या एकीने त्याखाली विचारलंय, 'ताई, तिथे जाऊ का?' आणि कुणीतरी माझ्या फोटोतून उत्तर दिलंय: 'नक्की जा.'

मी मुलुंडला त्या बाईंच्या घरी जाऊन ओटा बघून आले. तडा वीतभर आहे. त्यांनी त्यावर वर्तमानपत्र घातलंय आणि डबे ठेवलेत. दगड बदलून द्यायला मी तयार होते. त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं नाहीत ना? मग तुम्ही का भरता? ज्याने लिहिलं त्याने येऊन सांगू दे, त्याने दगड तपासला होता का."

म्हणून हे लिहिते आहे, माझ्या हाताने, कागदावर, कुणाच्याही किल्लीशिवाय. सर, 'मी स्वतः तपासलं आहे' असं तुम्ही माझ्या तोंडून म्हणालात. तुम्ही त्या दुकानात कधी गेला होतात? कुठल्या दगडावर पाणी ओतलंत? मला तुमचे पाच हजार नकोत, निम्मं-निम्मं नको. मुलुंडला या, त्या बाईंसमोर उभे राहा आणि सांगा. आणि बोरिवलीच्या त्या बाईला आजच्या आज कळवा की तिला 'नक्की जा' कोण म्हणालं.