नख दिसंपर्यंत

हनुमंताला आख्खं विंझर गाव डोक्यावर घेऊन नाचतं. साठी उलटली तरी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून नदीतनं असा सुटतो, की काठावरची पोरं शिट्ट्या मारत्यात. त्यात माझा अमृत सगळ्यात पुढं. पोरगं माझं आन् शिट्टी त्याच्यासाठी! पोटात दुखणार न्हाई तर काय?

आन् गडी तरी केवढा भित्रा! पावसाचा पहिला लोंढा आला की नदीत उतरायचा न्हाई. वरल्या अंगाची कोंबड्यांची घाण, गोठ्यातलं मूत, मेलेली उंदरं, समदं त्यात येतं म्हणतो. कडेला घोट्याभर पाण्यात उभं ऱ्हायचं, पायाचं नख दिसलं तरच पुढं जायचं. पायाला खरचटलेलं असंल तर नदीचं नावच काढायचं न्हाई. बाहेर आला की साबण लावून आंघूळ, नवरीवानी. अमृतला हे समदं तोंडपाठ. बापाचं एक ध्यानात ऱ्हाईल तर शपथ!

गेल्या साली लोंढ्यातनं सागाचं खोड आलं आन् वळणावर अडकलं. आमच्याकडं रीत हाय, वाहून आलेल्या लाकडावर जो आधी धोंडा ठेवंल, लाकूड त्याचं. मग दुसरा कुणी हात लावत न्हाई. हनुमंता काठावर तंबाखू मळत बसलेला. "पाणी निवळू द्या, आनंदराव," म्हणला. म्हणलं, थांब लेका, अमृतच्या डोळ्यांदेखत तुझी जिरवतो. टाचेला विळा लागलेला, तरी मारली उडी आन् ठेवला धोंडा. वर बघतो तर अमृत शिट्टी सोडून कपाळाला हात लावून उभा.

आठवड्यानं ताप भरला. पोटऱ्या ठणकायच्या, डोळं हळदीवानी पिवळं. नसरापूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं टाच बघितली. "पुराच्या पाण्यात उतरला होता ना? उंदराच्या मुतातलं इख हितनं शिरलं. थोडक्यात वाचलात."

म्हंजी हनुमंताच खरा! तापापरीस ते जास्त झोंबलं. घरी आलो तर खोड दारात. पाणी पुन्हा चढलं तवा हनुमंतानंच माणसं लावून दोरानं वढून आणलेलं. माझा धोंडासुदीक जपून आणून वर ठेवलेला.

यंदा पुन्हा लोंढा आला. अमृत कडंला घोट्याभर पाण्यात ट्यूब घेऊन उभा. माझ्याकडं वळून म्हणला, "आबा, नख दिसतंय का बघा की."

म्या वाकून बघितलं. "न्हाई दिसत. ये वर."

आन् आलं की पोरगं वर, गुमान! छाती अशी फुगली माझी. हनुमंताकडं मुद्दाम बघितलं. तो आपला तंबाखू मळत होता.

घरी येताना म्हणलं, "आज मला कसं काय इचारलंस रं?"

"हनुमंतकाका म्हणलं, मला नको, बापाला इचार. त्यानं भोगलंय, त्याला जास्त कळतंय."

आयला! हितंबी ह्यानं आधीच धोंडा ठेवलेला.