गावित मॅडमचा हौद

पाण्याचा ग्लास हातात आला की गावित मॅडम आधी तो खिडकीच्या उजेडात धरायच्या. एक डोळा मिटून आरपार बघायच्या आणि मग पाणी देणाऱ्याकडे अशी नजर टाकायच्या, की आपण विषच दिलं अशी त्याची खात्री व्हावी. त्या आमच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा पहिलं पाणी मीच दिलं होतं. मी मराठीचा मास्तर आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. स्वागत हा माझाच प्रांत. मी चार ओळींची यमकं जुळवून मोठ्या आवाजात स्वागत केलं. मॅडमनी ग्लास उजेडात धरून विचारलं, "टाकी कधी धुतली होती?"

मला ठाऊक नव्हतं.

"मग कविता कशाला म्हणता, देसले सर?"

नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीच्या या विज्ञानशिक्षिकेचा राग मला असा पाचव्या मिनिटाला मिळाला आणि पुढची नऊ वर्षं मिळत राहिला. ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही, कारण त्याच्याहून मोठ्याने ओरडणं मला जमतं. पण मॅडमचा आवाज रागात खाली जायचा. तो जितका उतरे तितकी मुलं ताठ बसत. अगदीच ऐकू येईनासा झाला, तर मुख्याध्यापकसुद्धा खोलीतून बाहेर येऊन उभे राहत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कोण कोणाला खातं, ते आधी सांग." पपईवर रोग का आला, बेडूक का कमी झाले, काहीही विचारा, आधी हे. मुलींची शिष्यवृत्ती रखडली तेव्हा त्यांनी हाच प्रश्न कचेरीतल्या साहेबाला विचारला. साहेबाने चष्मा काढून पुसला, आणि म्हणे पुन्हा घातलाच नाही.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं, ब्राह्मणपुरीच्या पुढे. चारी बाजूंना ऊस आणि पपई. शाळेच्या कुंपणाला लागून गुरांच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे, मध्ये भिंत घालून दोन भाग केलेला. त्या वर्षी दोन्ही भागांवर हिरवी, उग्र वासाची साय धरली. ते पाणी पिऊन एका घरच्या दोन शेळ्या मेल्या. सरपंच आप्पांनी मोरचूद टाकायचं ठरवलं. मॅडमचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या, मोरचुदाने शेवाळ मरेल आणि उरलेल्या शेळ्याही मरतील. मला चार महिने द्या. आप्पांनी दिले, पण बजावलं की पाणी निवळलं नाही तर मोरचूद पडणारच.

उपाय सापडला तो रोशनीमुळे. रोशनी डोंगरातल्या मोलगीकडची, वसतिगृहात राहणारी नववीतली मुलगी. वर्गात ती इतकं कमी बोलायची की माझ्या तासाला मी तिला दोनदा गैरहजर मांडलं होतं. मॅडमनी शेवाळ कोण खातं असं विचारलं, तेव्हा तिने हात वर केला. तिच्या घराजवळ खडकात एक डबकं होतं. त्यात उड्या मारणारे बारीक ठिपके असतात आणि तिथलं पाणी कधी हिरवं होत नाही, असं तिने सांगितलं. मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सुट्टीत जाशील तेव्हा ठिपके घेऊन ये."

दिवाळीनंतर रोशनी जीपमधून आली ती मांडीवर तेलाची धुतलेली बाटली धरून. आत पाणपिसवा होत्या. पुस्तकात त्यांना डाफ्निया म्हणतात. कोळंबी-खेकड्यांच्या कुळातल्या, पण मोहरीहून लहान. सारखी उडी मारायची आणि सारखं शेवाळ गिळायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. आमच्या शिक्षकवृंदाचंही फारसं वेगळं नाही, असं मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत.

खिडकीत हौदातल्या पाण्याच्या दोन बरण्या मांडल्या. एकीत पिसवा, दुसरी तशीच. मागे वर्तमानपत्राचं पान लावलं. आठव्या दिवशी पिसवांच्या बरणीतून बातमी वाचता येऊ लागली. मग रोशनीने हौदाच्या अर्ध्या भागात पिसवा सोडल्या आणि रोज पाणी किती निवळलं ते वहीत लिहू लागली.

गावात बोभाटा झाला. आप्पा स्वतः आले. "मॅडम, ढोरेसना पानीमा किडा टाकी ऱ्हायनात का तुम्ही?"

मॅडम आप्पांच्या हाताकडे बघत होत्या. हातात खताच्या रिकाम्या गोण्या होत्या. आमच्याकडे युरियाची गोणी रिकामी झाली की हौदात खंगाळतात आणि धान्य भरायला ठेवतात. सगळेच करतात. माझ्या घरीही होतं.

"आप्पा," मॅडम इतक्या हळू बोलल्या की आप्पांना पुढे वाकावं लागलं, "माझ्या पिसवा दिवसभर शेवाळ खातात, आणि तुम्ही रोज त्या शेवाळाला पंगत वाढता."

आप्पा हसण्यावारी न्यायला लागले. मॅडमनी गोण्या काढून घेतल्या, शाळेच्या कुंपणावर वाळत घातल्या आणि खडूने वर आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी आणखी तीन नावं चढली. त्यात एक माझ्या थोरल्या भावाचं होतं. आठवडाभरात गोण्या धुणं थांबलं. मला आजही वाटतं, निम्मं शेवाळ पिसवांनी खाल्लं आणि निम्मं त्या कुंपणाने.

महिन्याभरात हौदाच्या त्या अर्ध्या भागाचा तळ दिसू लागला. दुसरीकडे हिरवी साय तशीच. म्हशी संध्याकाळी एकाच बाजूला रांग लावायच्या. मॅडम कुंपणापाशी उभ्या राहून बघायच्या आणि मुलींना म्हणायच्या, "परीक्षक कसले बोलावता, ह्या बघा."

आणि इथे मी मंचावर येतो.

डेंग्यूची मोहीम निघाली. गप्पी माशांची पिशवी शाळेत आली. मॅडम त्या दिवशी प्रशिक्षणाला शहाद्याला गेल्या होत्या. सूत्रसंचालक कोण, हे सांगायला नको. मी हौदाला फीत बांधली, नारळ फोडला, माशांना 'चिमुकले सैनिक' म्हणून दहा मिनिटं भाषण केलं. पिशवी कुठल्या भागात सोडायची असा प्रश्न आला तेव्हा मी स्वच्छ भाग दाखवला. हिरव्यात मासे फोटोत दिसले नसते ना. रोशनी गर्दीतून पुढे येऊन "सर, सर" म्हणत होती. मी तिला हाताने थांबवलं, कारण टाळ्या चालू होत्या.

चार दिवसांत एकही पिसू उरली नाही. दहा दिवसांत तळ दिसेना. मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"गप्पी मासा काय खातो, सर?"

"डासांच्या अळ्या."

"आणि?"

मी खिडकीतल्या बरण्यांकडे बघू लागलो.

"'आणि' हा शब्द तुम्हीच शिकवता ना मुलांना?"

त्यांनी माझ्या हातात मच्छरदाणीचा तुकडा दिला. हौद उपसायचा नाही, मासे एकेक करून काढायचे, शाळा सुटल्यावर. मी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून तीन संध्याकाळी त्या पाण्यात उभा राहिलो. माझ्या आयुष्यातला तेवढा मोठा प्रेक्षकवर्ग मला पुन्हा लाभला नाही. म्हशीही होत्या. मी आता झालं असं म्हणून काठावर पाय ठेवला की रोशनी शांतपणे म्हणायची, "सर, एक राहिला."

मला वाटलं, तिने डोंगरातून आणलेलं सगळं माझ्यामुळे संपलं. पण पिसवांनी तळाच्या गाळात अंडी टाकली होती. म्हणून तर मॅडमनी हौद उपसू दिला नव्हता. अठराव्या दिवशी रोशनीला पाण्यात पहिली उडी दिसली.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तक्ता केला. पाणी निवळत जाणारी रेघ, मध्येच खड्डा, पुन्हा वर. खड्ड्याखाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'देसले सरांनी विचारल्याशिवाय मासे सोडले.' मी मॅडमकडे गेलो. तालुक्यातले सगळे शिक्षक येणार, तिथे 'अज्ञात कारणाने' असं लिहिता येणार नाही का, असं विचारलं.

त्या दिवशी त्यांचा आवाज इतका खाली गेला की मी तो कानांनी ऐकला की ओठांवरून वाचला, सांगता येत नाही. "कारण माहीत नसेल तर अज्ञात लिहायचं. लाज वाटते म्हणून नाही. तिने खोटं लिहायला एकदा शिकायचं, तेही आपल्याकडून?"

प्रदर्शनात परीक्षकांनी ती ओळ वाचली, हसले, आणि प्रयोग मध्येच फसला म्हणून नंबर नाकारला. नंबर मिळाला कागदाच्या ज्वालामुखीला. मला आयुष्यात इतका संताप आला नव्हता. मी परीक्षकांसमोर उभा राहिलो आणि यमक न जुळवता सांगितलं की तो देसले मी, फसलो मी, प्रयोग नाही. ही मुलगी तेवढं खरं लिहून आली, ते तुम्ही वाचलंत आणि हसलात. परीक्षक चहाला गेले. रोशनी तक्ता गुंडाळत होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला साधं बोलता येतं तर."

नऊ वर्षांतली ती एकुलती एक शाबासकी.

मोरचूद पडलं नाही. पुढे दुसऱ्या भागातही पिसवा सोडल्या आणि हौद आजही निवळ आहे. मॅडम निवृत्त होऊन विसरवाडीला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. आजारी आहेत कळल्यावर मी हौदातलं पाणी पिसवांसकट बाटलीत भरून बसने गेलो. त्या पलंगावर होत्या, अर्ध्या झाल्या होत्या. बाटली त्यांनी खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला.

"झाकण एवढं घट्ट लावतात? श्वास कशाने घेतील?"

मी परतीच्या बसमध्ये विसरवाडीपासून घरापर्यंत खुशीत होतो. रागावण्याइतक्या त्या अजून शाबूत होत्या.

महिन्याभराने रोशनीचा फोन आला. ती आता नाशिकला बीएस्सी करते. "सर, मॅडम गेल्या." मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला वेळेवर कोणी कळवलं नाही म्हणून मी बहिणीवर चिडलो, मग मॅडमवर. आजार एवढा वाढला होता, हे त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. ही माणसाची वागण्याची पद्धत नव्हे.

खिडकीत बाटली होती. झाकण काढून वर पातळ फडकं बांधलेलं. शेजारी वही होती. रोजची तारीख, रोज किती पिसवा ते, आणि समोर सही. शेवटच्या पानावर अक्षर तिरकं झालं होतं. तिथे आकडा नव्हता. लिहिलं होतं, 'आज मोजल्या नाहीत. कारण : थकवा.' खाली पूर्ण नाव.

मी बाटली उजेडात धरली. पिसवा एका जागी थांबत नाहीत आणि माझे डोळे धड नव्हते. तीनदा चुकलो. चौथ्यांदा एकतीस भरल्या. ते लिहिलं, शेजारी 'तीनदा चुकून' असंही लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.