सर्वानुमते लिहू नका

माझ्या लेकीचं वाक्य अर्धंच राहिलं. मंडळाच्या अध्यक्ष वहिनी स्टेजवर गेल्या आणि तिच्या हातातला माईक काढून घेतला. हसत हसत. "छान हं बाळा, वेळ संपली." वेळ संपली नव्हती.

इथे आखातात, सनाबिसच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती. लेक इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना अडखळते. तरी विषय तिनेच निवडला होता: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातला पहिला काळा न्यायमूर्ती. गुलामांच्या वंशातला. त्याच्या गावच्या वकिलीच्या कॉलेजात काळ्यांना प्रवेश नव्हता. तो दुसरीकडे शिकून वकील झाला आणि त्याच कॉलेजला कोर्टात हरवलं. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धही लढला. पुढे न्यायमूर्ती झाला. म्हातारपणी बहुतेक न्यायमूर्ती उलट बाजूला गेले, तो हरत राहिला. पण आपला विरोध लिहून निकालाला जोडल्याशिवाय राहिला नाही.

टाळ्याच टाळ्या. पहिल्या रांगेतल्या बँकेतल्या काकांनी डोळे पुसले.

मग ती म्हणाली, "माझ्या आजोबांना पण शाळेत दाराबाहेर बसवायचे. कारण ते…"

तिथे माईक गेला.

खाली येऊन तिने विचारलं, "आई, डिड आय से समथिंग राँग?"

पुढच्या शुक्रवारी वहिनींच्या अरादच्या घरी कमिटीची मीटिंग. मी कमिटीत आहे, कारण खुर्च्या लावायला कुणीतरी लागतं.

"राग मानू नका," वहिनी म्हणाल्या. "पण मूड जातो हो लोकांचा. जात-बित आपण इंडियातच सोडून आलो ना?"

पहिल्या भेटीत याच बाईंनी मला विचारलं होतं, "आडनाव पहिल्यापासून हेच का?" अमेरिकेतला काळा माणूस यांना टाळ्यांपुरता चालतो. माझा बाप चालत नाही.

ठराव आला: कार्यक्रमात जातीचा विषय नको. सेक्रेटरी लिहिता लिहिता म्हणाला, "सर्वानुमते मंजूर. खलास. यल्ला, चला, चहा घ्या."

"सर्वानुमते लिहू नका," मी म्हणाले. "एक मत विरोधात आहे. माझं. नावासकट लिहा."

डोळे पुसणारे काका चिवड्यातले दाणे वेचत बसले. "उगाच वाढवताय," वहिनी म्हणाल्या. ठराव झालाच. माझ्याविरुद्ध सगळे.

बापाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे बाई. परमुलखात भांडू नको." दाराबाहेर बसून तो एवढंच शिकला.

काही बदलणार नाही. पुढच्या वर्षी लेकीला बोलावणार नाहीत. मलाही काढतील. ठाऊक आहे मला.

लेकीला घरी समोर बसवलं आणि अर्धं वाक्य पुरं करायला लावलं. "कारण ते महार होते," ती म्हणाली. न अडखळता.

काढेपर्यंत मी प्रत्येक मीटिंगला जाणार. हात वर करणार. हरणार. पण माझ्या बापाचा अपमान माझ्या संमतीने होणार नाही.