चौदा टाक्या

"आईंच्या गुडघ्यांपेक्षा तुम्हाला तो लढाईतला काँक्रीटचा गोळा प्यारा, असंच समजायचं ना मग आम्ही?" सुनेने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत? तीन दिवस नुसतं 'तिथे नको, तिथे नको' चाललंय. का नको, ते विचारलं की तुम्ही चष्मा पुसता."

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसायला काढलाच होता, तो तसाच पुन्हा डोळ्यांवर चढवला.

घरातलं एकुलतं एक न्हाणीघर वरच्या मजल्यावर होतं. सासूबाई सतरा पायऱ्यांत दोनदा बसत, आणि मागच्या महिन्यात चौथ्या पायरीवरून घसरल्या होत्या. खाली म्हाताऱ्यांची खोली सोडली तर न्हाणीघर काढायला जागा एकच, मागच्या दाराबाहेरची. तिथे जमिनीतून काँक्रीटचा जाडजूड फुगवटा वर आला होता. लढाईच्या काळात टेकडीवर असले चौदा बंकर होते. हा त्यातला टेहळणीचा. तो फोडायला गवंडी सोमवारी येणार होता.

सासूबाईंचे वडील त्या लढाईत तोफेवर होते. दोन हिवाळे त्यांनी याच टेकडीवर काढले आणि तीन सोबती इथेच गमावले. तरी सासूबाई म्हणाल्या, "फोडा खुशाल. बाबांची जागा ह्यांनी मोजणीच्या कागदावर आणलीय, तेवढं पुरे. काँक्रीट काय, आज ना उद्या जायचंच."

म्हाताऱ्यांना लागलं ते हे वाक्य. सुनेच्या बोलण्याचं त्यांना काही नव्हतं.

मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण खिशातला टेप सुटला नव्हता. रोज सकाळी ते टेकडीवर भटकत. बालोद्यानातल्या फुलांच्या वाफ्यापाशी वाकून माती सारत, म्हणजे तोफ फिरायची ती लोखंडी गोल कडी दिसे. औषधवाल्याच्या गॅरेजची मागची भिंत हाताने ठोकून बघत. त्याचा गॅस सिलिंडर ठेवायचा कोनाडा मुळात तोफगोळ्यांचा होता. बाकी सगळीकडे घरं, कुंपणं, पार्किंग. कॉलनीत त्यांना 'टेपकाका' म्हणत. निवृत्त माणसाचा चाळा, असं सगळ्यांना वाटे.

तेवढ्यात मुलगा नळकांडं घेऊन आत आला. "भांडू नका. परवानगीसाठी कॉलनीचा मूळ नकाशा काढून आणलाय. काम सोपं झालं. बघा, आपल्या मागे काय लिहिलंय, 'पाण्याची जुनी टाकी, निरुपयोगी.' टाकी फोडायला कुणाला विचारावं लागत नाही."

सासूबाईंनी नकाशावर बोट फिरवलं. "इथेही टाकी. ही टाकी, ही पण... अगंबाई, चौदा टाक्या! आणि आपण वीस वर्षं टँकरमागे बादल्या घेऊन पळत होतो!"

सून रागातही फिसकन हसली.

"कुठल्या दिवट्याने केलाय हा?" सासूबाई म्हणाल्या. "हा ह्यांचा नाहीच. बाबांनी ह्यांना हाताला धरून एकेक बंकर दाखवला होता. 'जावईबापू, नीट लिहा हं,' म्हणाले होते."

मुलगा कोपऱ्यातली सही बघत होता. त्याने वर पाहिलं. "बाबा?"

"माझीच आहे," म्हातारे म्हणाले.

ओट्यावरचं दूध उतू गेलं. सुनेने गॅस बंद केला.

"साहेब म्हणाले, 'लष्करी बांधकाम' लिहिलंस तर फाइल वर्षभर वरच्या कचेरीत पडेल. अडीचशे कुटुंबं घरासाठी थांबली होती. त्यात आपणही होतो, हा पोटात होता. पहिल्याला 'टाकी' लिहिताना हात अडला. पुढच्या तेरा वेळा नाही."

"माझ्या बाबांनी विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "मरेपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत होते ते. जावयाने आमचं ठाणं कागदावर आणलं म्हणून. दवाखान्यात नर्सलासुद्धा सांगितलं." त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. "तुम्ही तिथेच उभे होतात. मान डोलवलीत."

"हो."

"किती बंकर उरलेत?"

"धड असा हा एकच. दोन अर्धेमुर्धे. कागद दुरुस्त झाला तर हे तीन तरी राहतील."

"पण बाबा, आता खरं सांगितलंत तर आपलंच काय, अख्ख्या टेकडीचं बांधकाम अडकेल," मुलगा म्हणाला. "लोक दारात येऊन शिव्या घालतील. तुमच्यावर चौकशी बसेल ती वेगळीच."

"आणि सोमवारी गवंडी येतोय, त्याचं काय?" सुनेचा आवाज आता खाली आला होता. "आई पुन्हा पडल्या तर?"

म्हाताऱ्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि मुलाच्या हातातून नळकांडं घेतलं.

"गवंड्याला यायचं ते येऊ दे. न्हाणीघर खालच्या माझ्या खोलीत निघेल. मी आजपासून वर झोपतो. आणि उद्या अकराला मी कचेरीत जाऊन चौदाही नोंदी जाणूनबुजून खोट्या केल्या, असं लिहून देणार आहे."