मेल्या म्हणायचं नाही

माझी जीभ पहिल्यापासून वाईट. दात गेले, कान गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली आहे. सुनेसारख्या वागणाऱ्या शेजारच्या पोरी अजूनही माझ्या दारावरून जाताना पदर सावरतात, कारण म्हातारी काय बोलेल त्याचा नेम नाही. पण एका वर्षी चाळीस दिवस मी तोंडाला कुलूप घातलं होतं. एक दिवस कमी, म्हणजे एकोणचाळीसच म्हणा.

तेव्हा आम्ही अणशीच्या वरच्या अंगाला, रानात राहायचो. चार-पाच ख्रिस्ती घरं, गवताची छपरं, मधे एक झोपडीवजा देऊळ आणि त्याच्यापुढं लाकडाचा खुरीस, म्हणजे क्रूस. आमचे पुरुष करवत चालवायचे. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात, आणि दिवसभर करवत ओढायची. माझा भाऊ खालचा गडी. संध्याकाळी घरी आला की भुशानं इतका माखलेला असायचा की डोळे तेवढे दिसायचे.

आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा आणि मी अकराची. मीच त्याला भरवलं, मीच बडवलं. पुढं माझं लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, आणि मी परत त्याच्याच चुलीपाशी येऊन बसले. त्याला मी कधी नावानं हाक मारली नाही. मेल्या, ऊठ की. मेल्या, डोकं पूस, पाणी गळतंय. मेल्या, आणखी एक भाकरी घे, हाडं दिसायला लागलीत. दिवसातून पन्नासदा. परकं माणूस घरात असलं तरच मी त्याचं नाव घ्यायची, आणि मग तो दारातूनच विचारायचा, "आक्का, कोण आलंय?"

त्या साली करेझमाच्या सुरुवातीला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस लागतात तेव्हा, पाद्री आला. वर्षातून एकदाच यायचा, घाट चढून, पायाला फोड आलेले. समुद्रापलीकडचा माणूस. आमची बोली पुस्तकातून शिकलेला, त्यामुळं प्रत्येक शब्द नीट पुसून समोर मांडल्यासारखा बोलायचा. माणूस मायेचा होता, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही.

मी कुमसाराला गेले, म्हणजे पाप सांगायला. पाप मोठं होतं. ओढ्यावर शेजारणीशी माझं भांडण झालं होतं, तिची भरलेली घागर मी दगडावर आपटली होती आणि तिचे केस धरून तिला पाण्यात बसवली होती. कारण काय, तर तिनं माझ्या आधी पाणी भरलं. माझ्या नाकावरच राग असायचा, कारण लागतच नसे. पाद्र्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आणखी कुणाला शिव्या देतेस? मी हसत म्हटलं, माझा भाऊ आहे ना, तो तर दिवसभर मेलेलाच असतो.

तो हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, की ज्याला तू आईच्या जागी राहून वाढवलंस त्याला तू रोज मेला म्हणतेस, आणि देव तर सगळं ऐकत असतो. असा अर्थ माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. आमच्यात कुणाच्याच येत नाही. त्यानं सांगितलं, ईस्टरपर्यंत एकही वाईट शब्द काढायचा नाही, कुणालाच नाही. राग आला की मनात सावकाश 'आमच्या बापा' ही प्रार्थना पुरी म्हणायची आणि मगच तोंड उघडायचं. मी खुरिसावर हात ठेवून कबूल केलं. बाहेर येऊन बायकांनाही ठणकावून सांगितलं. शेजारीण लगेच म्हणाली, चार दिवस टिकलीस तरी पुष्कळ. ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

पहिल्या आठवड्यात माझे हाल कुत्रं खाईना. कोंबड्या वाळत घातलेल्या भातात शिरल्या, मी 'आमच्या बापा' सुरू केलं, आणि आमेन होईपर्यंत त्यांनी अर्धं सूप रिकामं केलं. दूध उतू गेलं तरी प्रार्थना, पायात काटा मोडला तरी प्रार्थना. माझ्याइतका जप त्या रानात कुणी केला नसेल. पण खोटं बोलणार नाही, तिसऱ्या आठवड्यापासून मला बरं वाटायला लागलं. राग यायचा, गळ्यापर्यंत चढायचा आणि आपोआप खाली बसायचा. मला झोप शांत लागायला लागली. शेजारीण एक दिवस स्वतःहून कोवळा फणस घेऊन आली आणि आम्ही दोघींनी बसून तो चिरला. देवानं मला त्या दिवसांत काही दिलं नाही असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही.

अडचण भावाची होती. त्याच्यावर मला राग कुठं होता? पण शब्द तर बंद. मी त्याला नावानं हाक मारू लागले. पहिल्या दिवशी त्यानं घरभर बघितलं, पाहुणा कुठं आहे म्हणून. कळल्यावर आधी खूप हसला. मग मला चिडवायला लागला. ओला पंचा माझ्या अंथरुणावर टाक, चुलीपुढं भुसा झटक, पेज पुढ्यात ठेवली की मीठ नाही म्हण. मी मनात प्रार्थना म्हणायची आणि गोड आवाजात सांगायची, असं करू नये बाबा. त्यावर तो वाद घालायचा, की पाद्र्यानं शिव्या देऊ नको म्हटलं, ही काय शिवी झाली? मी म्हणायची, ते शिकलेले आहेत, त्यांना जास्त कळतं. हळूहळू त्याची थट्टा बंद पडली. जेवायला बसला की ताटाकडं बघून जेवायचा. एकदा म्हणाला, घरात आल्यावर परक्याच्या घरी उतरल्यासारखं वाटतंय. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला माझं कौतुक वाटलं. एवढं सोसूनसुद्धा मी ढळले नाही, याचं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्याला दुपारीच खड्ड्यातून वर काढून आणलं. दात वाजत होते. हिवताप आम्हाला नवा नव्हता, दरवर्षी कुणाला ना कुणाला व्हायचाच. वर उभा राहणारा त्याचा जोडीदार सुप्याला चालत गेला आणि कोयनेलच्या गोळ्या घेऊन आला. गोळ्या दिल्या, काढा दिला, घोंगड्या घातल्या. पण बुधवारी त्याला काळी लघवी झाली, आणि जोडीदार बाहेर जाऊन उंबऱ्याशी डोकं धरून बसला. तेव्हा मला कळलं, हा आता उठायचा नाही.

शुभ शुक्रवारी सकाळी तो शुद्धीवर होता. अंग गार, डोळे पिवळे, पण बोलणं अगदी स्वच्छ. मी कपाळ पुसत होते आणि नावानं हाक मारून त्याला विचारत होते, पाणी देऊ का. त्यानं माझं मनगट धरलं.

"आक्का," तो म्हणाला, "एकदा मेल्या म्हण की."

मी म्हटलं, "दोनच दिवस राहिलेत रे. ईस्टरला म्हणते. हजारदा म्हणते."

"बरं," तो म्हणाला, आणि कुडाकडं तोंड करून पडून राहिला.

का नाही म्हटलं? इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की मरण दाराशी आलेलं असताना तो शब्द काढायची मला भीती वाटली. ते खरं आहे. पण सगळं खरं नाही. शेजारीण तिथंच बसली होती, त्याच्या पायांना राख चोळत. अडतीस दिवस मी तिच्यासमोर मिरवले होते. आता शेवटच्या घटकेला तिच्यापुढं हरायचं माझ्या जिवावर आलं. राग मी ताब्यात ठेवला, आणि त्या ताब्याचाच मला माज चढला.

शनिवारी दुपारी मी त्याला चमच्यानं पेज पाजत होते. दोन चमचे गेले. तिसरा ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. मी पुसला आणि परत भरवला, तोही बाहेर आला. मग मी चमचा टाकला आणि त्याचे दोन्ही खांदे धरून हलवले. "ऊठ मेल्या. ऊठ. बघ, म्हणाले मी. मेल्या, ऐकतोस का?" पाच वेळा म्हटलं की दहा वेळा, मला ठाऊक नाही. शेजारणीनं मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

"आता नगं आक्का," ती म्हणाली. "ते जित्या माणसाला म्हणायचं असतंय."

पुढच्या करेझमात पाद्री आला. मी कुमसारात सांगितलं, की ईस्टरला एक दिवस उरला असताना माझा नेम मोडला. तो म्हणाला, तेवढं चालतं, दुःखात माणसाचं भान सुटतं, देव समजून घेतो. त्यानं मला माफी दिली. मोडल्याची. पाळल्याचं मी त्याला सांगितलंच नाही.