माझी डबी, माझी जबाबदारी

ऑफिसातल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही राव, चहाच्या कपांसारख्या त्या टेबलावर साचत जातात. आमच्या चाकणच्या वर्कशॉपमधल्या निम्म्या गोष्टी एकाच डबीच्या आहेत. आणि ती डबी माझी आहे!

झालं असं, की साहेबांनी जुनी लँडलाइन काढून इंटरनेटवरचा फोन घेतला. टेबलावरचा साधा फोन त्याला जोडायचा तर मध्ये एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो, तीच ही डबी. सर्व्हिसवाले स्वतःचा देत होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘‘कशाला? माझ्या घरी एक पडलाय. आणतो, लावतो!’’

मी डिस्पॅच बघतो. मला कुणी विचारलंही नव्हतं!

*

सेटिंग करायला मी मोबाइलवरून कस्टमर केअरला फोन लावला. तिथली मुलगी सांगेल ते भरत गेलो. शेवटी ती म्हणाली, ‘‘आता टेबलावरच्या फोनवरून कुठलाही नंबर लावून बघा.’’

मी माझाच मोबाइल लावला. एंगेज! परत लावला. परत एंगेज! माझं डोकं फिरलं. ‘‘मॅडम, तुमची सर्व्हिस बोगस आहे! नंबर सारखा बिझी येतोय!’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, त्याच नंबरवरून तुम्ही माझ्याशी बोलताय.’’

*

मग आवाज एकाच बाजूनं यायला लागला. समोरचा आम्हाला ऐकू यायचा, आम्ही त्याला नाही. नेमका तेव्हाच माल अडकवून बसलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. तो एकेक कारण सांगतोय, आणि साहेब इकडे त्याचा उद्धार करतायत. शेवटी तोच रडवेला झाला. ‘‘साहेब, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, तेच लागलं मनाला. गाडी आत्ता सोडतो!’’

मी लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावलो. साहेबांनी हात धरला. ‘‘राहू दे. आजचा दिवस हात लावू नकोस!’’

*

त्यातून सुधारला, तर आवाज घुमायला लागला. गेटवर त्याच लाइनचा दुसरा फोन आहे, तो आमचे वॉचमन लांडगे मामा घेतात. एकदा तणतणत आत आले.

‘‘यक माणूस हाय फोनवर. मी म्हनलं कोन हाय, तर त्यो बी म्हनतो कोन हाय! मी म्हनलं नीट बोल, तर मलाच म्हनतो नीट बोल!’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, मीच गप बसलो. तवा त्यो बी बसला. पर आवाज लई रुबाबदार व्हता!’’

*

लाइट गेली की फोनही जायचा, आणि आमच्याकडे ती दर गुरुवारी जाते. मी हुशारीनं डबी यूपीएसला जोडली आणि सगळ्यांना जाहीर केलं, ‘‘आता गुरुवारी लाइट जाऊ दे, फोन चालूच!’’ गुरुवारी लाइट गेली. डबीचे दिवे झकास पेटलेले, पण इंटरनेटचा राउटर मी साध्या बोर्डावरच ठेवला होता! अकाउंट्सच्या कांबळे मॅडम डबीकडे बघून म्हणाल्या, ‘‘जिवंत आहे हो, पण जगात तिचं कुणी नाही.’’

*

आणि मग तो सोमवार. आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरकडे, देशपांडे साहेबांकडे, आमचा लॉट नापास झाला होता. ऑर्डर जाते की काय, म्हणून आमच्या साहेबांचं तोंड उतरलेलं. फोन मात्र सकाळपासून गप्प.

दुपारी माझं लक्ष टेबलाखाली गेलं, तर डबी जागेवर नाही! डबी दुरुस्तीसाठी मी घरी पिंपळे सौदागरला नेली होती आणि रविवारी तिथल्याच इंटरनेटला आणि घरच्या फोनला लावून ठेवली होती. डबी जिथं, आमचा नंबर तिथं!

आईला मोबाइलवर फोन केला.

‘‘अरे, सकाळपासून कोण कोण फोन करतंय! तो देशपांडे कोण? फार ओरडत होता.’’

‘‘तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, आधी पाणी पी. एवढा राग बरा नव्हे, बीपी आहे का? आहे म्हणाला. मग बसलो बोलत. म्हटलं, पोरांकडून चुकलंय, मी एकेकाला बघते. तू परत एकदा संधी दे.’’

धावत साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो, तर त्यांच्या मोबाइलवर देशपांडेच! साहेब उभे राहून ‘‘हो... हो सर... नक्की सर’’ करत होते. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

‘‘ऑर्डर राहिली! लॉट दुरुस्त करून पाठवा म्हणाले. फक्त एक अट आहे. इथून पुढं क्वालिटीचं बोलणं आपल्या सीनियर मॅडमशीच.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘कोण रे ह्या?’’