रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी

गेल्या मंगळवारी सकाळी केळव्याहून पालघरला निघालो, मी आणि बाबा. आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं. त्यांना मशीनवर लावायचं आणि तिथेच बाकावर लॅपटॉप उघडून बोईसरच्या ऑफिसचं काम करायचं... दोन वर्षं हेच चाललंय. खरं सांगते, कंटाळा येतो. त्यांचा नाही, या रस्त्याचा.

वाटेतलं माहीम गाव सोडलं आणि टेम्परेचरचा काटा चढायला लागला. एसी बंद केला, तरी काटा लालात. बोनेटमधून वाफ यायला लागली तशी गाडी बाजूला घेतली.

नऊचं मशीन चुकलं की दुपारपर्यंत नंबर लागत नाही. आणि बाबांना तर रात्रीपासूनच धाप लागत होती... रडू आलं, पण रडायलाही वेळ हवा ना!

नशीब, रिक्षा मिळाली. बाबा वेळेत मशीनवर लागले आणि मी मेकॅनिकला घेऊन परत गाडीकडे आले. इंजिन पुरतं गार झाल्यावरच त्याने झाकण उघडलं. आत तांबूस पाणी! कूलंटचा हिरवा रंग नावालाही नाही.

"ताई, यात निस्तं पानी हाय," तो म्हणाला. "पानी गार करतं, खोटं नाय. पन कूलंट नसलं का लवकर उकळतं, आत गंज धरतो. क्षार बसून नळ्या बुजल्यात बगा. आनी हा पाइप पन गळतोय, बऱ्याच दिवसांपासून."

मी चक्रावलेच. कूलंटची बाटली मी रोज बघायचे आणि ती रोज रेघेपर्यंत भरलेली असायची. रंग फिका पडलाय हे दिसत होतं... पण विचार करायचं त्राण कुणात होतं?

दुपारी बाबांना मशीनवरून काढल्यावर जरा तडकूनच विचारलं, गाडीत पाणी कोण ओततं?

"मीच," बाबा म्हणाले. "कमी दिसलं का घालतो तांब्यानं. आपल्या विहिरीचं गोड पानी हाय, त्यानं काय व्हनार? मला डाक्टरनं प्यायला मोजून दिलंय, गाडीला तरी पोटभर!"

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

मग खाली बघत म्हणाले, "तू लय दमतेस, बाय. सकाली जरा निजलेली असतेस, उठवायचं जिवावर येतं. माझ्याच्यानं तेवढंच व्हतं."



रेडिएटर धुतला, पाइप बदलला, कूलंट भरलं. काटा आता मध्यावर असतो. बाबांना सांगितलंय, बाटली तुम्हीच बघायची, पण ओतायचं काही नाही. कमी दिसली की मला उठवायचं.

दोन वर्षांत त्यांच्यासमोर मी एकदाही 'दमले' म्हटलं नव्हतं. गाडीत बसताना मी हसायचे, गाणी लावायचे. वाटायचं, त्यांना कळत नाही.

काल घरी परतताना पहिल्यांदाच बोलून गेले, बाबा, खूप दमलेय हो मी.

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि गाणं बंद केलं. पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघं गप्प होतो... किती बरं वाटलं म्हणून सांगू!